अठरा पौंड हवा

निवृत्त झालेल्या माणसाने काय विकत घ्यावे, याचे आमच्या सोसायटीत काही अलिखित नियम आहेत. हार्मोनियम चालते. रक्तदाब मोजायचे यंत्र चालते. पानशेतच्या बाजूला दोन गुंठे जमीन घेतली तर लोक आदराने बघतात आणि लगेच सातबारा स्वच्छ आहे का म्हणून विचारतात. पण ज्या गृहस्थाने बँकेत ३४ वर्षे इतरांच्या कर्जाच्या अर्जांवर 'परतफेडीची क्षमता शंकास्पद' असा शेरा मारण्यात घालवली, त्याने वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी २००३ सालची, दोन मालक पाहिलेली जिप्सी आणून पार्किंगमध्ये उभी करावी, हे कुठल्याच नियमात बसत नव्हते. वॉचमनने तर पहिल्या दिवशी पोलीस आले समजून खुर्चीवरून उठून सलाम ठोकला. मला ३४ वर्षांत कुणी इतका कडक सलाम केला नव्हता.

"गुंतवणूक आहे," मी सगळ्यांना सांगितलं. "१९८५ साली आली आणि २०१९ साली लोकांना मिळायची बंद झाली. आता भाव वाढतच जाणार."

हे खोटं होतं. म्हणजे सनावळी खरी होती. कारण खोटं होतं.

खरं कारण म्हणजे आमच्या हिचे गुडघे.

आमचं लग्न १९८४ सालचं. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही दोघं एका ट्रेकिंगच्या चमूबरोबर मुळशीच्या पलीकडे एका सड्यावर चढून गेलो होतो. (गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी तिथे भेळेच्या चार गाड्या लागतील.) ही सगळ्यांच्या पुढे आणि मी सगळ्यांच्या मागे, धापा टाकत. वर पोचलो तेव्हा ती पाय पसरून कातळावर बसली होती आणि सगळा सडा सोनकीने पिवळा झाला होता. "आलात का?" एवढंच तिने विचारलं. त्या प्रश्नाचं उत्तर मी पुढे चाळीस वर्षं देतो आहे.

नंतर संसार झाला, बदल्या झाल्या, आणि आता डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरून सांगितलं की जिने कमी, चढ बंद. एका जुलैत गॅलरीत कपडे वाळत घालता घालता, डोंगराकडे न बघताच ती म्हणाली, "तो सडा काही आता आपला नाही." आणि चिमटे लावत राहिली. बस्स, इतकंच. पण मला ते वाक्य जेवताना घासागणिक लागू लागलं.

पुढे कळलं की त्या सड्यावर मागच्या अंगाने एक गाडीवाट जाते. पूर्वी बैलगाड्या जायच्या, आता ट्रॅक्टर जातो. आमची चार दारांची शहाणी मोटार त्या वाटेच्या पहिल्याच दगडावर पोट टेकून बसली असती. तेव्हा जिप्सी.

जुनी गाडी बघायला जाताना बरोबर माणूस हवा. लग्नाची मुलगी बघताना आपण मामाला नेतो, तसा इथे वस्ताद. आमचे वस्ताद नाना पेठेतल्या एका बोळात गेली तीस वर्षं गाड्यांखाली राहतात. राहतात असंच म्हटलं पाहिजे, कारण त्यांचा चेहरा मी फारसा पाहिलेला नाही. मला त्यांच्या चपलांची जास्त ओळख आहे.

विकणारे गृहस्थ वरच्या गोष्टी दाखवत होते. नवा रंग, नवी सीट कव्हरं, आत अत्तराची बाटली. वस्तादांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एक पोतं अंथरलं, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि खाली गेले. खालून टकटक ऐकू येऊ लागली. चासीला ते डॉक्टर छाती ठोकून बघतात तसे ठोकत होते. भरीव आवाज आला की पुढे, भद्द आवाज आला की तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा. गंज असेल तर तो आत शिरतो.

"वरचा रंग फोटोला," खालून आवाज आला, "पासिंगला चासी लागते, काका."

मग त्यांनी पुढचं चाक जॅकवर उचललं आणि वरून-खालून धरून हलवलं. ते हललं. या गाडीच्या पुढच्या एक्सलच्या दोन्ही टोकांना नारळाएवढा एक गोळा असतो, त्यात चाक वळवणारी किंगपिनची बेअरिंगं असतात. ती झिजली की साठच्या वेगाला स्टिअरिंग असं थरथरतं की चालवणाऱ्याला हिवताप झाल्यासारखं वाटतं. शिवाय त्या गोळ्यांच्या सीलमधून तेल गळत होतं. नंतर त्यांनी मागच्या डिफरन्शियलचा नट सैल करून बोटावर तेल घेतलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. रंग अमृततुल्यच्या चहासारखा होता.

"पाणी गेलंय. गाडी नदीत उभी होती."

"छे छे! डॉक्टरांची गाडी आहे," गृहस्थ म्हणाले.

"मग डॉक्टर पोहत होते," वस्ताद म्हणाले.

या एका वाक्यावर किंमत पस्तीस हजारांनी उतरली. गाडीचा आकडा मी इथे लिहीत नाही, कारण हा लेख घरातही वाचला जाणार आहे.

गाडी घरी आली आणि सल्ले सुरू झाले. माझा भाचा या क्षेत्रातला जाणकार. त्याच्याकडे थार आहे आणि दर रविवारी ती चिखलात घालून सोमवारी धुण्याचा त्याचा छंद आहे. त्याने मला यादी दिली. गाडी दोन इंच वर उचला. मोठे, दातेरी टायर घाला. पुढे विंच बसवा. हवा घ्यायला टपापर्यंत नळी काढा. टपावर दिवे, दिव्यांवर जाळी, मागे शिडी. मी बेरीज केली. माझ्या जुन्या सवयीने अर्जदाराची परतफेडीची क्षमताही तपासली. ती शंकास्पद होती.

यादी घेऊन वस्तादांकडे गेलो. त्यांनी ती वाचली आणि तिच्याने हात पुसले.

"काका, तुम्हाला चढायचंय की मिरवायचंय?"

मग चहा आला आणि त्या बोळात उभ्या उभ्या मला जे शिक्षण मिळालं, ते असं. टायर मोठा केला की तो फिरवायला इंजिनाला जड, थांबवायला ब्रेकला जड, आणि वळवायला तुमच्या खांद्याला जड. या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. गाडी उंच केली की ती कलंडायला सोपी. आणि कंपनीने बनवली त्याहून वेगळी करून रस्त्यावर आणली की कायद्याचा प्रश्न. मोटार वाहन कायद्याचं बावन्नावं कलम आहे आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर सांगून टाकलंय. "पहिली दोन वर्षं आहे तीच गाडी शिका," वस्ताद म्हणाले. "तिला खालचा गिअर आहे, चारी चाकांना ताकद आहे, वजन कमी आहे. तिला सगळं येतं. तुम्हाला येत नाही."

इतकं खरं मला माझ्या गोपनीय अहवालातही कुणी लिहिलं नव्हतं.

तेव्हा पैसे गेले ते कुणाला न दिसणाऱ्या ठिकाणी. किंगपिनची बेअरिंगं आणि सील. तिन्ही ठिकाणची तेलं. म्हणजे गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि पुढचं-मागचं डिफरन्शियल. (ही चार झाली, पण वस्ताद तीनच म्हणतात आणि पैसे चारचे घेतात.) पाट्यांचे बुश. या गाडीला चारी बाजूंना टांग्यासारखे पाटे आहेत, आणि बुश गेलेले असले की प्रवासही टांग्यातलाच होतो. ब्रेकची लायनिंगं, रेडिएटरचे पाइप, पंख्याचा पट्टा. बॅटरी नीट आवळून बांधली, कारण चढावर ती उडी मारते. टायर त्याच मापाचे, पण दगडमातीला चालतील असे पाच. पाचवा स्टेपनीला, जुना टायर स्टेपनीला टाकणारा माणूस, वस्तादांच्या मते, देवाला नासका नारळ वाहणारा असतो. आणि पुढे-मागे थेट चासीला बोल्टने आवळलेले ओढायचे हूक. बंपरला दोरी बांधली तर बंपर पुढे जातो, गाडी तिथेच राहते.

एवढा खर्च करून गाडी जशी होती तशीच दिसत होती. शेजारचे म्हणाले, "अजून काम सुरू केलं नाही वाटतं?"

आता सामान. टोचनाचा पट्टा हवा, नुसता काथ्या नव्हे. दोन शॅकल, फावडं, पाने, प्रथमोपचाराची पेटी, पाणी, हवा भरायचा पंप आणि हवा मोजायचं घड्याळ. आणि जॅकखाली ठेवायला एक जाड, फूटभर लांबी-रुंदीची फळी, कारण चिखलात गाडी वर जाण्याऐवजी जॅकच खाली जातो. अशी फळी बाजारात शोधत फिरण्यापेक्षा मला घरातच एक उत्तम वस्तू दिसली. माळ्यावर होती. सागवानी, दीड इंच जाड, पितळी फुल्या मारलेली. मी ती गुपचूप नेऊन मागच्या सीटखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी ही खाली भाजी घ्यायला गेली आणि तशीच वर आली.

"अहो, आपल्या लग्नातला पाट त्या गाडीत काय करतोय?"

मी जॅकचं तत्त्व समजावून सांगितलं.

"म्हणजे माझ्या वडिलांनी सागाचा पाट करून दिला तो तुम्ही चिखलात घालणार?"

"दोनपैकी एकच घेतला. माझा."

"तुमचा कसा ओळखला?"

याला उत्तर नव्हतं. पाट वर आला. सुताराकडून चाळीस रुपयांची फळी आली. पण त्या निमित्ताने तिने सगळ्या सामानाची झडती घेतली आणि तिला माझी एक जाड गोधडीही सापडली. म्हणजे तिच्या आईची. पट्ट्याने गाडी ओढताना पट्टा तुटला किंवा हूक निसटला तर तो गोफणीसारखा सुटतो आणि समोरच्याचं डोकं फोडतो. म्हणून पट्ट्याच्या मधोमध एक जड, शक्यतो ओलं पांघरूण टाकायचं, बाकीच्यांनी दूर उभं राहायचं. हे सगळं तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग आत गेली आणि मला निरोप समारंभात मिळालेली सतरंजी घेऊन आली. "ही घ्या," म्हणाली. "हिचा काहीतरी उपयोग होईल."

आणि जाताना गाडीच्या खणातलं मॅन्युअल घेऊन गेली. "निजायच्या आधी वाचायला," म्हणाली. मला वाटलं, थट्टा.

पहिला सराव शहराबाहेरच्या एका मोकळ्या माळावर झाला. भाचा त्याच्या थारमध्ये पुढे. एकट्या गाडीने वाट सोडायची नाही, हा पहिला नियम. एक अडकली तर ओढायला दुसरी हवी. दुसरा नियम, अंगठे स्टिअरिंगच्या आत घालायचे नाहीत. पुढचं चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग गर्रकन फिरतं आणि अंगठा घेऊन जातं. तिसरा, चारी चाकांचा दांडा डांबरी रस्त्यावर टाकायचा नाही. वळताना पुढची चाकं लांबून जातात, मागची जवळून. डांबरावर ती घसरू शकत नाहीत, आणि एकत्र कुटुंबात सासू-सून एकाच ओट्यावर आल्या की जे होतं ते गिअरच्या दात्यांचं होतं. माती असली की दोघी थोड्या थोड्या घसरतात आणि घर टिकतं.

मी पट्टा आवळला, दांडा खाली खेचला, पहिला गिअर टाकला आणि माळावरच्या एकुलत्या एक ओल्या खड्ड्यात मोठ्या आत्मविश्वासाने शिरलो. मागची चाकं फिरली. चिखल उडाला. पुढची चाकं गणपतीसारखी बसून होती.

भाचा उतरला. इंजिनाकडे बघू लागला. मी दांड्याकडे बघू लागलो. "ट्रान्स्फर केस गेली की काय!" भाच्याने जाहीर केलं. माझ्या डोळ्यांपुढे वस्तादांचं बिल उभं राहिलं.

"अहो," शेजारच्या सीटवरून आवाज आला, "पुढच्या चाकाच्या मधली ती चकती फिरवलीत का?"

"कुठली चकती?"

"हबची. पान सत्तर-बहात्तरच्या आसपास पाहा. पण आपल्या गाडीला आधीच्या मालकाने हाताने फिरवायची बसवलीय, पुस्तकातली नाही. त्यावर लॉक आणि फ्री लिहिलंय. फ्रीवर असली तर दांडा टाकून काही उपयोग नाही. आत दांडी फिरते, चाक फिरत नाही."

मी घोट्यापर्यंत चिखलात उतरलो, दोन्ही चकत्या लॉकवर फिरवल्या, आत येऊन बसलो आणि गाडी पाण्यातून म्हैस उठावी तशी उठून बाहेर आली. भाचा बराच वेळ मामीकडे बघत होता. त्यानंतरचा अर्धा तास तिने चालवली. नव्वद सालच्या सुमारास ती मोटार शिकली होती आणि तेव्हापासून माझ्या शेजारी बसून न दिसणारा ब्रेक दाबत आली होती. आता खरा मिळाला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. गावात थांबून विचारलं, वाट गावाची आहे, पुढे वनखात्याची हद्द लागते तिथे गाडी घालायची नाही, असं एका आजोबांनी काठीने दाखवून सांगितलं, आणि "बाई चालवणार का?" असंही विचारलं. मी हसलो. वाटेच्या तोंडाशी हवा काढली. रस्त्यावर पंचवीसच्या आसपास असते ती अठरा पौंडांवर आणली. टायर जरा पोट सुटल्यासारखा दिसतो, पण त्याचा तळवा लांब पसरतो आणि दगडाला टोकण्याऐवजी तो त्याला कवटाळतो. हे मला फार पटलं. माणसाची हवा जरा कमी केली की तोही असाच वागतो.

अर्ध्या वाटेत ती पायरी आली. गुडघाभर उंच कातळ, अलीकडे पावसाने कोरलेला चर. भाच्याची थार वर गेली. मी गेलो, आणि इंजिन बंद पडलं. नियम असा की चढावर बंद पडली तर वळवायची नाही. ब्रेक धरायचा, रिव्हर्स टाकायचा आणि सरळ मागे यायचं. तसा आलो. पुन्हा गेलो, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी माझा डावा पाय क्लचवर शिवणयंत्रासारखा उडायला लागला. डाव्या हाताला दरी होती. फार खोल नव्हती, पण माझ्या पेन्शनला पुरेशी होती.

"परत जाऊ," मी म्हणालो. "इथपर्यंत आलो हेच खूप."

ती काही बोलली नाही. वर बघत होती. ते गॅलरीतलं वाक्य पुन्हा येणार, असं मला वाटलं.

"तुम्ही उतरा," ती म्हणाली. "मला चालता येणार नाही, पण चालवता येईल. तुम्ही पुढे राहून चाक कुठून घ्यायचं ते दाखवा."

जागा बदलल्या. मी पायरीच्या वर जाऊन उभा राहिलो आणि हात दाखवू लागलो. डावीकडे. अजून. बस. तिने उगाच रेस केली नाही. खालच्या गिअरात, क्लचवरचा पाय काढून, पिठाची चक्की चालावी तशा आवाजात गाडी आली. पुढचं चाक दगडाला लागलं, क्षणभर विचार केला, आणि चढलं. मागचं चाक चराच्या कडेने आलं. रिमला कुठेतरी खणकन लागलं. मग माझ्यासमोर नुसतं बोनेट आणि काचेमागे तिचा चष्मा.

"थांबू नको!" भाचा ओरडला. "चढावर थांबू नको मामी!"

ती थांबली नाही. मी बाजूला उडी मारली, आणि ती मला मागे टाकून गेली. पुढचा चढ अर्ध्या किलोमीटरचा होता. तो मी चालत चढलो. पूर्ण. धापा टाकत, दोनदा बसून, एकदा झाडाला धरून. ज्या बाईला चढता येत नाही म्हणून मी गाडी घेतली, ती गाडीत, आणि गाडी घेणारा पायी.

वर पोचलो तेव्हा भाचा थारच्या बोनेटवर बसून शेंगदाणे खात होता. ही सड्याच्या कडेला गाडी उभी करून उतरली होती. सड्यावर चाक न्यायचं नाही, हे तिनेच ठरवलं. फुलं असतात, आणि त्यांना रस्ता समजत नाही. सपाट दोनशे पावलं ती हळूहळू चालत गेली होती आणि एका कातळावर पाय पसरून बसली होती. सोनकी ओसरायला लागली होती, पण होती.

तिने मान वळवून पाहिलं.

"आलात का?"

मला दम लागलेला असल्यामुळे मी उत्तर दिलं नाही. शेजारी बसलो. बराच वेळ बसलो. मग तिने पिशवीतून चटणीपोळी काढली.

उतरताना पुन्हा तीच चालवत होती. पहिला गिअर खालचा, ब्रेकवर नाचायचं नाही, इंजिनालाच गाडी धरू द्यायची. हे ती मला सांगत होती आणि मी खिडकीचा दांडा धरून 'हो' म्हणत होतो. खाली आल्यावर चाकांत हवा भरायची होती, कारण अठरा पौंडांवर डांबरावरून पळवलं तर टायर तापून फाटतो. बॅटरीवर चालणारा पंप भाच्याकडे होता आणि भाचा पुढे निघून गेला होता. आमच्याकडे पायपंप. चार चाकं. ती स्टुलावर बसून हवेचं घड्याळ बघत होती. "वीस... साडेवीस... अहो, थांबलात का?"

सोमवारी गाडी वस्तादांकडे नेली. डोंगरावरून आली की ती एकदा उघडून बघायची असते. पाट्यांचे यू बोल्ट सैल होतात, रेडिएटरच्या जाळीत गवत अडकतं, ब्रेकमध्ये माती जाते, डिफरन्शियलचं तेल पुन्हा बोटावर घेऊन बघायचं. या वेळी ते मधासारखं निघालं. मग त्यांना रिमवरचा पोचा दिसला. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, चराची खोली मनात मोजली.

"इथून चाक काढणं सोपं नाही, काका. कोण चालवत होतं?"

मी इकडेतिकडे पाहिलं. बोळात ऐकणारं कुणी नव्हतं. खरं काय ते सांगितलं.

परवा सकाळी त्यांचा फोन आला. क्लचची केबल आली होती. मी म्हटलं, "बोला वस्ताद. ती कशी घालायची, काय समजून घ्यायचं असेल ते सांगा."

"ते सांगतो," वस्ताद म्हणाले. "काकूंना द्या जरा."